फ्लाय लाइनची निवड: पहिले तीस फूट आणि त्यापुढचं

फ्लाय रॉडने आपण फेकतो ती लाइन. फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं हलकं कृत्रिम आमिष, तिच्या टोकाला बांधलेली असते म्हणून सोबत जाते, एवढंच. साध्या गळाच्या मासेमारीत शिशाचा गोळा किंवा धातूचा चमचा स्वतःच्या वजनाने दोरा ओढत नेतो. पिसं आणि धाग्याच्या फ्लायला ते जमत नाही, त्यामुळे रॉड वाकवणारं सगळं वजन लाइनमध्येच भरलेलं असतं. मधल्या दर्जाचा रॉड योग्य लाइनवर छान चालतो आणि उत्तम रॉड चुकीच्या लाइनवर मरगळतो, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलं आहे की खर्चाला मर्यादा असेल तर रीलमध्ये काटकसर करा, लाइनमध्ये करू नका, असंच सांगतो. लहान-मध्यम माशांसाठी रीलचं काम मुख्यतः लाइन सांभाळून ठेवण्याचं असतं.

निवडीला बसताना आम्ही खोका बाजूला ठेवतो आणि आधी चार गोष्टी कागदावर लिहितो: नेहमी वापरायची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान फ्लाय, मासा बहुतेक वेळा किती अंतरावर असतो, मागे लाइन उलगडायला मोकळी जागा आहे की झाडी, आणि पाणी किती खोल व किती थंड. पाचवी गोष्ट रॉडचा नंबर, तो मुठीच्या वर छापलेला असतो. इथे उदाहरणासाठी 9 फुटी 5 नंबरचा रॉड, मध्यम रुंदीची ट्राउटची नदी आणि 12 ते 18 आकाराच्या फ्लाय धरू (आकडा जितका मोठा, फ्लाय तितकी लहान). नवशिक्याचा पहिला संच बहुधा असाच असतो.

नंबर म्हणजे काय

लाइनचा नंबर म्हणजे तिच्या पुढच्या 30 फुटांचं वजन. ते ग्रेनमध्ये मोजतात. 1 ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम. टोकाला काही इंचांचा जो सरळ, जाडी न बदलणारा तुकडा असतो तो या 30 फुटांत धरत नाहीत. 3 नंबरला 100 ग्रेन, 4 ला 120, 5 ला 140, 6 ला 160, 7 ला 185, 8 ला 210, 9 ला 240, 10 ला 280. थोडी सूट असते: 5 नंबरची लाइन 134 ते 146 ग्रेनमध्ये कुठेही बसली तरी ती 5 नंबरचीच.

हे कोष्टक अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला लागू केलं. त्याआधी लाइन रेशमाच्या असत आणि त्यांना जाडीवरून अक्षरं दिलेली होती. ए म्हणजे 0.060 इंच, पुढच्या प्रत्येक अक्षराला 0.005 इंच कमी, म्हणून डी म्हणजे 0.045 आणि एच म्हणजे 0.025. एचडीएच लिहिलेली लाइन दोन्ही टोकांना बारीक, पोटात जाड. सगळ्या लाइन रेशमाच्याच असताना जाडीवरून वजनाचा अंदाज नीट यायचा. नायलॉन, डेक्रॉन आणि प्लॅस्टिकचं कोटिंग आल्यावर तेवढ्याच जाडीच्या दोन लाइनचं वजन वेगळं भरू लागलं आणि अक्षरं निरुपयोगी झाली. रॉडला जाडीशी देणंघेणं नसतं, त्याला वजन जाणवतं.

खोक्यावरची खूण तीन तुकड्यांत वाचायची. डब्ल्यूएफ-5-एफ: पहिली अक्षरं आकाराची, मधला आकडा वजनाचा, शेवटचं अक्षर तरंगणं-बुडण्याचं. डब्ल्यूएफ (वेट फॉरवर्ड) म्हणजे वजन पुढच्या भागात, डीटी (डबल टेपर) म्हणजे दोन्ही टोकं सारखी निमुळती. एफ तरंगणारी, एस बुडणारी, आय त्या दोहोंमधली इंटरमिजिएट.

आकडा जे सांगत नाही

आजच्या डब्ल्यूएफ लाइनचं हेड, म्हणजे जाड, वजनदार भाग, 30 फुटांवर संपेलच असं नाही. ते 35, 40, कधी 50 फुटांपर्यंतही जातं. दोन लाइनवर 5 च लिहिलेलं असतं, पण एकीचं सगळं वजन 35 फुटांत संपतं आणि दुसरीचं 50 फुटांपर्यंत पसरलेलं असतं. पहिले 30 फूट सारखे असूनही अख्खं हेड हवेत घेतल्यावर दुसरी लाइन रॉडवर कितीतरी जड पडते.

दुसरी गोष्ट, अनेक लाइन मुद्दाम अर्धा ते एक नंबर जड बनवलेल्या असतात. रॉड कडक, वेगवान होत गेले. जवळच्या फेकीत ते वाकेनात, म्हणून लाइन जड झाल्या. त्यात वाईट काही नाही, पण ते विकत घेणाऱ्याला माहीत हवं. चांगल्या कंपन्या हेडची लांबी आणि 30 फुटांचं वजन खोक्यावर किंवा आपल्या संकेतस्थळावर देतात. हे दोन आकडे मिळत नसतील तर आम्ही ती लाइन घेत नाही.

घरी आल्यावर लाइन तोलायची. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा पुरतो. टोकाचा लूप आणि सरळ तुकडा सोडून, जिथून जाडी वाढायला लागते तिथून मोजपट्टीने 30 फूट मोजा आणि तिथे धुऊन जाणाऱ्या शाईची खूण करा. त्या 30 फुटांचं सैल वेटोळं हलक्या वाटीत घालून काट्यावर ठेवा. वाटीचं वजन आधी शून्य करून घ्या. उरलेली लाइन काट्याच्याच उंचीवर, पुस्तकांच्या चळतीवर ठेवायची. ती टेबलाखाली लोंबली तर वाटी खाली किंवा बाजूला ओढली जाते आणि काटा खोटं सांगतो. ग्रॅमला 15.43 ने गुणलं की ग्रेन मिळतात. 4 नंबर सुमारे 7.8 ग्रॅम, 5 नंबर 9.1, 6 नंबर 10.4, 8 नंबर 13.6. आमच्या 5 नंबरच्या रॉडसाठी आणलेली लाइन 9.7 ग्रॅम भरली तर ती 150 ग्रेनची, म्हणजे नेमकी अर्धा नंबर जड आहे.

ती जड आहे म्हणून परत करायची का? ते अंतरावर ठरतं. फ्लाय माणसापासून 30 फुटांवर पडते तेव्हा त्यातले 9 फूट लीडरचे, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांमधल्या बारीक पारदर्शक दोऱ्याचे, आणि जवळपास 9 फूट रॉडचे. रॉडच्या टोकाबाहेर लाइन राहते सुमारे 12 फूट, आणि तीही निमुळत्या, हलक्या भागाची. 140 ग्रेनच्या एक तृतीयांशाच्या आसपासच वजन रॉडवर येतं. कडक रॉड एवढ्याने वाकत नाही. छोट्या ओढ्यात, 20 ते 35 फुटांत मासेमारी असेल तर 150 ग्रेनची लाइन त्या रॉडला जिवंत करते. उलट मोकळ्या तळ्यावर 60 फुटांची फेक असेल तर टोकाबाहेर 42 फूट लाइन असते. तिथे आम्ही 140 च्या जवळची, लांब हेडची लाइन घेतो. सावकाश वाकणाऱ्या मऊ रॉडला जड लाइन कधीच देत नाही.

हेड आणि पुढचा उतार

वजन जमलं की आकार बघायचा. खरी निवड इथेच होते, असं आमचं मत आहे. लोक नंबरावर तासभर बोलतात आणि लाइनचा आराखडा पाहतही नाहीत.

लाइन पुढे उलगडताना ऊर्जा जाड भागाकडून बारीक भागाकडे सरकते. पुढचा निमुळता उतार लांब असेल, समजा 7–8 फूट किंवा त्याहून जास्त, तर ऊर्जा वाटेत विरत जाते आणि फ्लाय अलगद उतरते. उतार आखूड असेल तर बरीच ऊर्जा टोकापर्यंत शिल्लक राहते; ती मोठी केसाळ फ्लाय किंवा वजनदार निम्फ (पाण्याखाली चालणारी फ्लाय) आणि मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता सूचक उलटवून पुढे टाकते, पण लहान कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय आपटते आणि उथळ पाण्यातला मासा पळतो. 16–18 आकाराच्या कोरड्या फ्लायसाठी लांब उतार, 4–6 आकाराच्या स्ट्रीमरसाठी (छोट्या माशासारखी दिसणारी मोठी फ्लाय) आखूड. दोन्ही एकाच लाइनवर उत्तम होईल असं कुठल्या खोक्यावर लिहिलं असेल तर त्यावर विसंबू नका. मधली लाइन दोन्ही कामं बऱ्यापैकी करते, आणि पहिली लाइन घेणाऱ्याला तीच घ्यायला आम्ही सांगतो: हेड 38–40 फूट, उतार मध्यम, वजन 140 ते 150 ग्रेन.

हेडच्या मागचा भाग, रनिंग लाइन, बारीक असतो. तो रॉडवरच्या कड्यांतून सुळकन निघावा आणि लांब जावा म्हणून. पण बारीक भाग जाड भागाला नीट ढकलू शकत नाही. हेड पूर्ण बाहेर जाऊन आणखी पाच-सहा फूट रनिंग लाइन टोकाबाहेर आली आणि तरीही ती हवेत मागे-पुढे केली, की जोडावर बिजागरी झाल्यासारखी ती मोडते आणि लूप, म्हणजे हवेत उलगडणाऱ्या लाइनचा वळसा, कोसळतो. लाइन पाण्यावर पडल्यानंतर तिला उचलून प्रवाहाच्या वर टाकण्याचं काम, म्हणजे मेंड, हेही रनिंग लाइनवरून होत नाही. जाड हेड टोकाखाली असेल तोवरच होतं. वाहत्या पाण्यात मासेमारी करणाऱ्याने 30 फुटी आखूड हेड घेतलं तर 40–45 फुटांच्या पुढे लाइनवरचा ताबा सुटलाच म्हणून समजा.

मागे झाडी आहे आणि रोल कास्टशिवाय (लाइन मागे न उलगडता पाण्यावरूनच पुढे फेकणं) इलाज नाही, तिथे डीटीचा विचार जरूर करावा. जाडी मधल्या सगळ्या लांबीत सारखी, त्यामुळे कितीही अंतरावर रोल आणि मेंड होतो. शिवाय एक टोक झिजलं की लाइन उलटी करून दुसरं टोक वापरता येतं. लांब फेकीत ती कमी पडते, कारण मागचा जाड भाग कड्यांत घासतो, आणि रीलवर जागाही जास्त खाते. 3–4 नंबरच्या छोट्या रॉडवर या दोन्ही उणिवा जाणवतही नाहीत.

किती खोल

तरंगणारी लाइन पहिली. तिच्यावर लांब लीडर आणि वजनदार निम्फ बांधून सहा-सात फूट खोलीपर्यंत काम निघतं. बुडणारी लाइन घ्यायची ती तळ्यासाठी, किंवा जोरदार खोल प्रवाहात स्ट्रीमर ओढायला. तिचा वेग इंच-प्रतिसेकंदात देतात. इंटरमिजिएट 1 ते 2, टाइप 3 साधारण 3 ते 4, टाइप 6 साधारण 6 ते 7. मासा 6 फुटांवर, म्हणजे 72 इंचांवर असेल तर 3 इंच वेगाची लाइन पडल्यावर 24 सेकंद मोजायचे आणि मग ओढायला लागायचं. वाहत्या पाण्यात हे गणित तसंच्या तसं लागत नाही, प्रवाह लाइनला वर उचलतो.

जुन्या पद्धतीच्या बुडणाऱ्या लाइनमध्ये जाड पोट लवकर बुडतं आणि बारीक टोक मागे राहतं. पाण्यात झोळ पडतो, मासा फ्लाय तोंडात घेऊन थुंकून मोकळा होतो आणि हाताला काहीच कळत नाही. टोकाकडे टंगस्टनची पूड जास्त भरून हा फरक काढलेल्या लाइन मिळतात, त्या घ्याव्यात. बुडणाऱ्या लाइनला लीडर 3 ते 5 फुटांचाच लावा. 9 फुटी लीडर लावला तर लाइन तळाशी आणि फ्लाय मधल्या पाण्यात, असं होतं.

तापमान

याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लाइन म्हणजे आत गाभा आणि वर कोटिंग. गाभा बहुधा विणलेल्या नायलॉनचा, किंवा एकसंध मोनोफिलामेंटचा. कोटिंग बहुतेक कंपन्यांचं पीव्हीसीचं. एअरफ्लो पॉलियुरेथेन वापरते. तरंगणाऱ्या लाइनच्या कोटिंगमध्ये काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेले असतात. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवायला प्लास्टिसायझर घालतात, आणि ते किती घालायचं हे लाइन कुठल्या हवेसाठी आहे त्यावरून ठरतं.

थंड पाण्याची लाइन मऊ असते म्हणून 8–10 अंशांच्या पाण्यातही ती सरळ राहते. तीच लाइन कडक उन्हात, 30 अंशांच्या हवेत नेली की लिबलिबीत होते, कड्यांना चिकटते, फेक आखडते. उष्ण प्रदेशासाठी बनवलेली लाइन, जी बोनफिश किंवा टार्पनसाठी वापरतात, तिचा गाभा आणि कोटिंग दोन्ही कडक. पाणी 24–25 अंशांच्या वर असेल तेव्हा ती सुरेख चालते आणि थंड ओढ्यात तारेच्या स्प्रिंगसारखी वेटोळी होऊन पडते. अशा वेळी दोष लाइनचा नसतो, ती चुकीच्या पाण्यात आलेली असते. खोक्यावर पाण्याचं तापमान किंवा कोल्ड, ट्रॉपिकल असं लिहिलेलं असतं. ते माशाच्या चित्राआधी वाचावं. उष्ण देशात गोड्या पाण्यात मासेमारी करणाऱ्याने ट्राउटचं चित्र पाहून लाइन घेतली तर दुपारी ती कड्यांतून पुढे सरकायला नाही म्हणेल.

पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हा आवडीचा प्रश्न. खरखरीत लाइनचा कड्यांना स्पर्श कमी होतो, ती दूर जाते, पण कड्यांतून आवाज करते आणि दिवसभर ओढताना बोट सोलवटतं. रंगाची भीती बाळगू नका. 9 फूट लीडर असताना माशाला घाबरवते ती लाइनची सावली आणि तिचं आपटणं. आम्ही हेड एका रंगाचं आणि रनिंग लाइन दुसऱ्या रंगाची अशीच लाइन निवडतो, कारण हेड संपलं हे डोळ्याला लगेच दिसतं.

रीलवर चढवताना

5 नंबरसाठी 20 पौंडी डेक्रॉनचं 50 ते 100 यार्ड बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे रीलवर गुंडाळायचा राखीव दोरा, पुरतं. समुद्रातल्या मोठ्या माशांना 30 पौंडी आणि 150–200 यार्ड लागतं. बॅकिंग रीलच्या दांड्याला आर्बर गाठीने बांधा आणि ताण देत, घट्ट गुंडाळा. सैल गुंडाळलेल्या बॅकिंगमध्ये वरची लाइन रुतते आणि मासा पळताना नेमकी तिथे अडकते. लाइनच्या मागच्या टोकाला लूप असेल तर बॅकिंगला मोठा दुहेरी लूप करून जोडा, नसेल तर नेल गाठ. लाइनवर चिकटवलेलं छोटं लेबल सांगतं की कुठलं टोक रीलकडे; ते न वाचता उलटी चढवलेली डब्ल्यूएफ लाइन फेकताच येत नाही.

खोक्यातली चकती कुणीतरी पेन्सिलवर धरून फिरवू द्यावी, म्हणजे लाइन जशी गुंडाळली होती तशी सुटते. चकती आडवी ठेवून वरून वेढे काढले तर प्रत्येक वेढ्यागणिक एक पीळ बसतो आणि तो पुढे महिनोन्‌महिने त्रास देतो. शेवटी लाइन आणि रीलच्या कडेत सुमारे 6 मिमी जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर बॅकिंग कमी करा.

गवतावरची चाचणी

पाण्यावर जाण्याआधी गवतावर. फरशी, डांबर, वाळू यांवर कधीही नाही. कोटिंग खरवडलं जातं. 9 फुटी लीडर लावा आणि टोकाला गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधा. आधी लाइन हाताने थोडी थोडी ताणून, पाच सेकंद धरून सोडा, वेटोळी जातात.

मग टोकाबाहेर 15 फूट, 30 फूट आणि पूर्ण हेड अशा तीन लांबींवर फेकून पाहा. 15 फुटांत रॉड काहीच सांगत नसेल आणि तुमची नेहमीची मासेमारी तिथेच असेल, तर लाइन हलकी आहे. 30 फुटांत रॉड मुठीपर्यंत वाकत असेल, लूप रुंद होत असेल, थांबल्यावर टोक थरथरत राहून लाइनमध्ये लाटा पडत असतील, तर ती जड आहे. पूर्ण हेडवर मागची फेक सरळ होईपर्यंत थांबताना लाइन जमिनीला लागते का बघा. लागत असेल तर त्या हाताला एवढं लांब हेड अजून झेपत नाही आणि 5 फूट आखूड हेड बरं पडेल. शक्य असेल तर एकाच रॉडवर दोन लाइन लागोपाठ फेकाव्यात. वाचून जे समजत नाही ते दहा मिनिटांत हाताला कळतं.

नंतर काय बिघडतं

तरंगणाऱ्या लाइनचं टोक बुडू लागणं ही सर्वांत नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण मळ आणि शेवाळ असतं. कोमट पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब टाका, लाइन त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मऊ फडक्यातून ओढा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि सावलीत वाळवा. मग कंपनीने सुचवलेलं ड्रेसिंग. धुऊनही टोक बुडत असेल तर लूपजवळच्या भेगेतून गाभ्यात पाणी शिरलंय. खराब भाग कापून, टोक कोरडं करून, लवचीक गोंदाने बंद करा आणि नेल गाठीने लीडर बांधा. मात्र एक-दोन फुटांपेक्षा जास्त कापलं तर पुढचा उतारच नाहीसा होतो आणि लाइन आपटायला लागते.

लाइन लवकर तडकते त्यामागे बहुधा रसायनं असतात: डीट असलेलं डासांचं मलम, सनस्क्रीन, पेट्रोल. हात धुतल्याशिवाय लाइनला लावू नका. उन्हात उभ्या गाडीत रील ठेवलं तरी कोटिंग लवकर कडक होऊन जातं. कड्यांमध्ये खाच पडली असेल तर प्रत्येक फेकीत ती लाइन तासते. कापसाचा बोळा कडीतून फिरवला की धागे अडकून खाच सापडते, आणि ती कडी बदलावी लागते. हेड आणि रनिंग लाइनच्या जोडाजवळ, जिथे बोट सतत घासतं, तिथे आडव्या बारीक भेगा दिसू लागल्या आणि धुऊनही लाइन कड्यांतून खरखरत जाऊ लागली, की डब्ल्यूएफ लाइन बदलायची वेळ झाली. नवी आणताना जुनीचं 30 फुटांचं वजन आणि हेडची लांबी लिहून ठेवलेली असेल तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.